चार बोटं पुढे

आमच्या घरात कुणी कुणाला सरळ काही सांगत नसे. भाजीत मीठ जास्त पडलं, तर बाबा मुकाट्यानं जेवून वर दोन भांडी पाणी पीत, आणि आई ती भांडी बघून दुसऱ्या दिवशी हात आखडता घेई. दोघांच्या तोंडून मीठ हा शब्द निघत नसे. मी त्यांच्याच पोटची असून अशी फटकळ कशी निघाले, हे मलाही कोडंच आहे. माझा नवरा म्हणतो, तुझ्या आईवडिलांच्या वाट्याचंही सगळं तूच बोलून टाकतेस.

आईचं दुखणं हाताबाहेर गेलं, तेव्हा मी माझं घर नवऱ्यावर सोपवून माहेरी येऊन राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी आईला सांगितलं नाही, कारण तिला धक्का बसेल. आईला ते आधीच कळलेलं होतं आणि तिनं बाबांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांना धक्का बसेल. दोघंही माझ्याकडे येऊन दुसऱ्याला काही कळू देऊ नकोस म्हणून बजावून गेले. मी कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकाला लागले.

आईची एक खोड होती. ती सगळं फार घट्ट लावायची. बरण्यांची झाकणं, नळ, पिशव्यांच्या गाठी. तिनं लावलेलं झाकण उघडायला बाबांना फडकं घेऊन झटापट करावी लागे आणि तरी ते कधी तक्रार करत नसत. त्या दिवसांत मी एकदा साखरेची बरणी घेतली, तर झाकण नुसतं बोट लावल्यावर फिरलं. आईनंच सकाळी लावलं होतं. डॉक्टरांसमोर आलं नव्हतं ते रडू मला तिथे आलं.

बाबांकडे एक जुना कॅमेरा होता. एकावर एक दोन भिंगं असलेला, डब्यासारखा. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या चौकोनी काचेत बघायचं. वरच्या भिंगातून माणूस काचेवर दिसतो आणि खालच्या भिंगातून फिल्मवर उतरतो. दोन्ही भिंगं एकाच पट्टीवर बसवलेली, बाजूचं चाक फिरवलं की जोडीनं पुढेमागे होतात. फिल्मही नेहमीपेक्षा रुंद, तिच्या पाठीला कागद लावलेला, आणि एका रोलमध्ये मोजकेच फोटो. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला बाबा या कॅमेऱ्यानं आईचा फोटो काढत. तीच वेताची खुर्ची, तीच खिडकी, तेच अंतर. फ्लॅश कधी नाही, फक्त खिडकीतून येईल तो उजेड. धुणं, छापणं सगळं न्हाणीघरात, स्वतःच्या हातानं. बाहेरच्या खोलीत त्या फोटोंची रांग होती. सुरुवातीला दोन वेण्यांची मुलगी आणि मग हळूहळू आमची आई.

आई त्या खुर्चीत कधी टेकून बसली नाही. अगदी कडेवर, पाठ ताठ, आत्ता हाक आली तर उठायला बरं अशी. आणि बाबांची फोटो काढायची एक तऱ्हा होती. चाक फिरवून फिरवून सगळं मनासारखं झालं की ते श्वास रोखत, कंबरेतून किंचित पुढे वाकत आणि मगच बटण दाबत. लहानपणी मी त्याला बाबांचा मुजरा म्हणायचे. पाहुण्यांसमोर उशी पोटाशी धरून नक्कलही करून दाखवायचे. सगळे हसत. बाबाही हसत. आई मात्र तेवढ्यात काहीतरी आणायला आत जात असे. तेव्हा मला वाटे, तिला थट्टा आवडत नाही.

एकदा बाबा औषधं आणायला गेलेले असताना आईनं मला जवळ बोलावलं.

"चिमे, कपाटावरचा कॅमेरा काढ आणि दुरुस्त करून आण. यांना कळू द्यायचं नाही."

"काय झालंय त्याला?"

"माझ्या हातून पडला होता."

"कधी?"

"लग्न होऊन आले तेव्हा. धूळ पुसत होते. वरचं भिंग कड्यासकट निघून हातात आलं. घरात कुणी नव्हतं. मी घाबरून ते परत पिळून बसवलं. माझं पिळणं तुला माहीत आहे."

"आई, माझं वय काय, तुझं लग्न कधीचं! आणि तू हे आत्ता सांगतेस?"

"वाटलं होतं, ते विचारतील. मग सांगेन. त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी विचारलंच नाही. पण तेव्हापासून त्यांना त्या काचेत नीट दिसत नाही गं. म्हणून वाकून वाकून बघतात. तू मुजरा मुजरा करायचीस ना, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं." तिला दम लागला, म्हणून ती थोडं थांबली. "आता त्यांची पाठ धरते. या वेळचा फोटो तरी ताठ उभं राहून काढू देत. माझी शपथ आहे, त्यांना सांगशील तर."

"तुम्ही दोघं म्हणजे ना," मी म्हटलं. पुढचं बोलले नाही, कारण ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

कॅमेरे दुरुस्त करणारे आता फारसे कुठे उरले नाहीत. शोधत शोधत एका घड्याळवाल्याचा पत्ता लागला. जिन्याखालची अरुंद जागा, भिंतभर बंद पडलेली घड्याळं, आणि मालकाला बोलायची हौस दांडगी. त्यानं कॅमेरा हातात घेतला, कानाशी धरून बटण दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"शटर रखडतंय. जुनं तेल आहे आत, चिकट झालंय. आणि हे वरचं भिंग कुणी बसवलं?"

"का?"

"एक आटा जास्त आत गेलंय. कुणीतरी जीव खाऊन पिळलंय. वरचं आणि खालचं जुळत नाहीत ताई. फोटो येतात तरी का?"

"चांगले येतात," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ."

"असं होय! मग नशीबवान आहात." त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. "ठेवून जा. बाहेरूनही चकाचक करून देतो."

"बाहेरून फडकं लावायचं नाही. धूळ आहे तशीच राहू दे."

यावर त्याला राग आला. आपल्या दुकानातून मळका माल बाहेर जात नाही, असं त्यानं दोनदा ऐकवलं. पण कॅमेरा दिला तेव्हा धूळ जागच्या जागी होती. "आता वर दिसेल तसंच खाली येईल," तो म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं. बाबांना आता नीट दिसेल, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला. कॅमेरा मी परत कपाटावर ठेवून दिला आणि आईला नुसती मान हलवून सांगितलं.

लग्नाचा वाढदिवस अजून लांब होता. त्या वर्षी बाबांनी तो अलीकडे ओढला. एका सकाळी म्हणाले, "आज उजेड चांगला आहे." का, कशासाठी, हे आईनं विचारलं नाही. तिनं मला केस विंचरायला सांगितलं, आणि विंचरण्यासारखं फार काही उरलं नव्हतं तरी मी बराच वेळ फणी फिरवत राहिले.

खुर्चीपर्यंत तिला मी धरून नेलं. पाठीला उशी देऊ लागले, तर तिनं ती बाजूला सारली.

"टेकून बस ना, आई. कोण बघतंय?"

"फोटोत मी कधी टेकले आहे का?" ती म्हणाली आणि कडेवर सरकून ताठ बसली.

बाबांनी भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, कारण उजेड म्हणत होते तितका काही चांगला नव्हता. चाक फिरवलं. थोडं पुढे, थोडं मागे. आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, वाढलेलं ताट समोर ठेवून पहिल्या घासाची वाट बघावी तसे भाव होते. बाबांनी श्वास रोखला आणि नेहमीसारखे पुढे वाकले.

आईची नजर माझ्याकडे वळली. मी खांदे उडवले.

"आज शटर छान वाजतंय," बाबा म्हणाले.

"हवा कोरडी आहे," आई लगेच म्हणाली.

बाबांनी रोल संपेपर्यंत फोटो काढले. असं ते कधी करत नसत. आणि प्रत्येक वेळी वाकले. नंतर मी आईला पलंगावर निजवत असताना तिनं माझा हात धरला.

"नीट केलाय ना गं त्यानं?"

"केलाय. इतक्या वर्षांची सवय आहे. ती अशी एका दिवसात जाईल का?"

"हो, सवय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिचा हिरमोड झाला होता. तो मला आजही दिसतो.

त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात हलवावं लागलं आणि ती परत आली नाही.

रोल तसाच पडून होता. बाबांनी रांगेच्या शेवटी खिळा मात्र ठोकून ठेवला होता. येणारे जाणारे भेटून गेले, घर रिकामं झालं, आणि मग एका दुपारी बाबा न्हाणीघरात शिरले. मी दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. फिल्म वाळली तशी त्यांनी ती कापून खिडकीशी नेली, डोळ्याला भिंग लावलं. एक तुकडा बघितला, दुसरा बघितला. मग पुन्हा आत गेले आणि छापून घेऊन आले.

खुर्चीच्या पाठीची वीण इतकी स्वच्छ आली होती की वेताची तुटलेली एक काडीसुद्धा दिसत होती. आणि तिच्यापुढे आई, डोळ्यांत पाणी असताना दिसावी तशी. नाक कुठे संपतं, गाल कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. एका फोटोत नाही, सगळ्यांत.

"हात गेला माझा," बाबा म्हणाले. "चार बोटं चुकली."

"कसली चार बोटं?"

ते खुर्चीत बसणार होते, पण त्या खुर्चीकडे बघून पलंगाच्या कडेवर बसले. "आता ती नाही म्हणून सांगतो. हा कॅमेरा तिच्या हातून पडला होता, नवी नवी आली होती तेव्हा. तिनं परत लावून ठेवला. तिला वाटलं, मला कळलं नाही. काचेत सगळं स्वच्छ दिसायचं, पण फिल्मवर उतरायचं ते चार बोटं अलीकडचं. सुरुवातीचे रोल सगळे फुकट गेले. मग मी मोजून काढलं. काचेत बघून घ्यायचं, चार बोटं पुढे व्हायचं आणि दाबायचं. पुढे झाल्यावर काचेत चेहरा बिघडलेला दिसतो, मन मागे ओढतं. म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो."

सगळं आयुष्य नकाशे काढणाऱ्या कचेरीत घालवलेला माणूस. केसाएवढी रेघ हलली तर अख्खा कागद नव्यानं काढणारा.

"दुरुस्त का नाही करून घेतलात?" मी विचारलं.

"करून घेतला असता तर तिला कळलं असतं ना, की तिनं बिघडवला. परक्या घरात आलेली मुलगी. फार लागलं असतं तिला. नंतर सवयच झाली." त्यांनी फोटो पालथे केले. "कधी चुकलं नाही. आणि नेमकं या वेळी हात गेला."

मला तेव्हा उमगलं. आईला वाटलं, त्यांना दिसत नाही म्हणून ते वाकतात. त्यांना तर चांगलं दिसत होतं. आम्ही कॅमेरा सरळ केला आणि बाबा वाकले, त्यामुळे आईला ओलांडून नेमकी मागची खुर्चीची पाठ फिल्मवर स्वच्छ उतरली. ती उशीला टेकली असती तरी स्वच्छ आली असती. सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण शपथ होती, आणि शपथ घालणारी आता ती मागे घ्यायला उरली नव्हती. शिवाय सांगायचं तरी काय? की तिनंच, तुमच्या पाठीची काळजी करून, स्वतःचा शेवटचा फोटो घालवला?

मी गप्प बसले. मी, फटकळ.

त्यानंतर बाबा हात जपू लागले. दाढी करायचे थांबले, म्हणाले कापेल. चहा स्वतः गाळेनात. लेखणी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. जे हात कधी थरथरले नव्हते, ते त्यांना थरथरताना दिसू लागले, आणि मग खरंच थरथरू लागले. रांगेच्या शेवटी तो खिळा तसाच होता. जाता येता त्यांची नजर त्याच्यावर जाई.

शेवटी मी एक युक्ती काढली. नवा रोल आणला आणि म्हटलं, "माझा एक फोटो काढा."

"नाही येणार नीट."

"नाही आला तर फाडून टाकू. माझ्या तोंडाचं एवढं काय कौतुक?"

दोन दिवस मागे लागले, तेव्हा कुठे उठले. मी वेताच्या खुर्चीत आईसारखी कडेवर ताठ बसले. बाबांनी चाक फिरवलं, श्वास रोखला. ते डोळे मिटून पुढे वाकले, तशी मी हळूच मागे सरले. चार बोटं. आदल्या दिवशी ते घराबाहेर असताना मी भिंतीवर खूण करून हे घटवलं होतं. दर वेळी ते पुढे, मी मागे. ते सरळ झाले की मी पुन्हा कडेवर. हसू येत होतं, ते दाबत होते.

फोटो आला. माझ्या पापण्यासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या. बाबांनी भिंगाखाली तो पुन्हा पुन्हा बघितला.

"हात शाबूत आहे की," ते म्हणाले.

"मी काय सांगत होते?"

त्या दिवशी ते नीट जेवले. ताट त्यांनी स्वतः उचललं. मला वाटलं, जिंकले. खरकटं काढून बाहेर आले, तर ते भिंतीसमोर उभे होते, रिकाम्या खिळ्याशी.

"म्हणजे तिच्याच वेळी चुकलं," ते म्हणाले.

"बाबा..."

"हात ठीक आहे. मग हाताचा दोष नव्हता. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, चिमे. लवकर उरकावं असं वाटत होतं. ती माझ्यासाठी ताठ बसली होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तेच उतरलं फोटोत." त्यांनी चष्मा काढला. "शेवटच्या वेळी मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही."

हे मला सहन झालं नाही. शपथ गेली खड्ड्यात, असं मनात म्हणून मी सगळं सांगितलं. पडलेला कॅमेरा, पिळलेलं भिंग, जिन्याखालचा घड्याळवाला, न पुसलेली धूळ. मी मागे सरत होते तेही सांगितलं.

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तिला माहीत होतं? मला कळलंय हे?"

"पहिल्यापासून."

"आणि त्या दिवशी मी वाकलो, ते तिनं बघितलं?"

"बघितलं."

"तरी काही बोलली नाही."

"नाही."

ते आत गेले. पालथ्या घातलेल्या फोटोंतला एक आणला, चौकटीत घातला आणि खिळ्याला लावला. दोन पावलं मागे आले. मग बघता बघता, त्यांच्याही नकळत, कंबरेतून पुढे वाकले. आई होती तशीच राहिली. मागे वेताची तुटकी काडी लख्ख दिसत होती.

"एक शब्द बोलायचा होता तिनं," बाबा म्हणाले. "ताठ उभे राहा, एवढंच म्हणायचं. राहिलो असतो मी."

तुम्ही तरी कधी बोललात का, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.